पोराचा आयक्यू ७२ आला, आता?

प्रश्न: माह्या पोराचं वय १० हाय, चौथीत शिकते. सरनं सांगतलं म्हणून जिल्ह्याले नेऊन आयक्यू काढला. कागदावर शाब्दिक ६१, कृती ८३, एकूण ७२ लिवलं हाय. सर म्हणते याले मतिमंदाच्या शाळेत टाका. घरी आमी कोलामीच बोलतो. पोरगं दुकानातून सामान आणते, उरलेले पैसे बरोबर वापस देते. काय करू जी?
– एक आई, केळापूर तालुका

उत्तर: ताई, शाळा बदलायची घाई अजिबात करू नका. सगळे त्या ७२ कडेच पाहून राहिले, पण खरी गोष्ट त्याच्या आधीच्या दोन आकड्यांत आहे. शाब्दिक भागात तोंडी विचारतात, या शब्दाचा अर्थ सांग, या दोन गोष्टींत सारखं काय, ५-८-२ उलटं म्हण, आणि हे सगळं मराठीतून, तेही बरेचदा पुस्तकी, अन् तुमच्या घरची कोलामी तर मराठीहून वेगळी भाषा. कृतीमध्ये ठोकळे जुळवून नक्षी करायची, चित्रात काय राहिलं ते दाखवायचं, तिथं भाषा फार लागत नाही आणि तिथंच तुमचं पोरगं २२ गुणांनी वर आहे. मग ६१ मध्ये बुद्धी किती मोजली अन् मराठी किती? अशा दोन आकड्यांची सरासरी काढून ७२ म्हणणं मला तरी पटत नाही.

तसंही आयक्यू म्हणजे त्याच वयाच्या पोरांशी तुलना, सरासरी १०० धरून. चार-पाच गुण इकडेतिकडे होतातच, पोर उपाशी किंवा घाबरलेलं असलं तर आणखी. आणि बौद्धिक अक्षमता, म्हणजे सर ज्याला मतिमंद म्हणतात ते, नुसत्या आयक्यूवर ठरवतच नाहीत, आकडा साधारण ७० च्या खाली हवा, शिवाय रोजचं वागणंही तपासावं लागतं. त्यासाठी वाइनलँडची चाचणी असते, नागपूरला काम केलेले मानसशास्त्रज्ञ मॅलिन यांनी ती इकडच्या पोरांसाठी बसवली, त्यात प्रश्न आईबापाला असतात, स्वतः कपडे घालतो का, दुकानात एकटा जातो का वगैरे. तुमची पैशाची गोष्ट तिथं कामाची. कागदावर ती चाचणी दिसत नसेल तर तशी मागणी करून ती करून घ्या.

कान-डोळे तपासले का? शाळेत आरबीएसकेचं, म्हणजे मुलांची तब्येत तपासायच्या सरकारी योजनेचं, पथक येतं त्यांना दाखवा, पैसे लागत नाहीत. आयक्यू लगेच परत काढू नका, प्रश्न लक्षात राहतात, वर्षभर जाऊ द्या, आणि तेव्हा कोलामी येणारं कोणी सोबत असू द्या, चाचणी घेणाऱ्यांना आधीच सांगून. सरांना एवढंच सांगा की फ्रान्सचे मानसशास्त्रज्ञ बिने यांनी १९०५ साली पॅरिसला पहिली चाचणी केली ती कोणत्या पोराला जास्त मदत लागते हे शोधायला, म्हणून ती मदत आधी वर्गात सुरू करा, मराठी वाचनापासून.