सगळे हसत होते, मलाच का भीती वाटली?

गांजा सोडवा म्हणून स्वतःहून येणारी मुलं थोडी. "मॅडम, त्या रात्रीपासून डोकं ठिकाणावर नाही, मला वेड लागतंय का?" असं विचारत येणारी मात्र बरीच. म्हापशात समुपदेशन करताना हा प्रश्न वारंवार समोर येतो, म्हणून त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. त्याला विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पेडण्याकडचा मुलगा, विशीतला, किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात किचनमध्ये कामाला. सीझन संपला तशी मित्रांनी हणजूणला खोलीवर पार्टी ठेवली. याआधी त्याने अधूनमधून जॉइंटचे दोन-चार झुरके मारले होते. तेव्हाही थोडी धडधड व्हायची, पण जायची. या वेळी गांजा घातलेली ब्राउनी होती. अर्धी खाल्ली, पाऊण तास झाला तरी काही नाही. "कांय जायना रे," म्हणत मित्राने उरलेली अर्धीही हातात दिली. मग सगळं एकदम चढलं. छाती धाडधाड उडायला लागली. मित्र कुजबुजतायत ते आपल्याबद्दल, कोणीतरी पोलिसांना फोन केलाय, खाली थांबलेली गाडी साध्या वेशातल्या पोलिसांची आहे, अशी खात्रीच पटली. दहा मिनिटं तासाभरासारखी वाटत होती. उजाडेपर्यंत तो बाथरूमला आतून कडी लावून बसला. पुढचे कित्येक दिवस रस्त्यात नाकाबंदी दिसली की त्याला घाम फुटायचा.

आईला वाटलं, बाहेरचं काहीतरी लागलंय. तिने आधी देवळात कौल लावला, मग त्याला माझ्याकडे आणलं. कौलावर मी काही बोलले नाही. तिथे वाद घातला की माणसं दुसऱ्या वेळी येत नाहीत.

त्याला मी आधी ब्राउनीचं गणित समजावलं. धूर ओढला की टीएचसी, म्हणजे गांजातला नशेचा घटक, काही मिनिटांत मेंदूत पोहोचतो आणि दोन-तीन तासांत जोर ओसरतो. खाल्ला की तो यकृतातून जातो. तिथे त्याचं रूप बदलतं आणि ते रूपही तितकंच कडक असतं. परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, आणि तो सहा-आठ तास टिकू शकतो. म्हणजे दुसरा तुकडा खाल्ला तेव्हा पहिला अजून वाटेतच होता.

पण मग मित्रांना काही का झालं नाही? ते जवळजवळ रोज ओढणारे. त्यांच्या मेंदूला सवय झालेली, याच्या नाही. टीएचसी ज्या जागांवर जाऊन बसतो त्या मेंदूच्या भीती हाताळणाऱ्या भागातही आहेत. थोड्या मात्रेत काहींना त्याने मोकळं वाटतं, मात्रा वाढली की तोच घटक भीती वाढवतो. शिवाय त्याने नाडी जोरात चालते. ती धडधड म्हणजे हार्ट अटॅक असं एकदा मनात आलं की भीतीने नाडी आणखी पळते. गांजात सीबीडी नावाचा दुसरा घटकही असतो, तो टीएचसीचा हा त्रास काही प्रमाणात कमी करतो असं मानलं जातं. पण हल्ली 'हायड्रो' म्हणून विकला जाणारा माल टीएचसी जास्त मिळावं म्हणूनच वाढवलेला असतो.

ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डॅनियल फ्रीमन यांच्या गटाने 121 जणांवर केलेला प्रयोग मी त्याला सांगितला. हे लोक असे, की ज्यांच्या मनात एरवीही कधीतरी संशय डोकावतो. काहींना शिरेतून टीएचसी दिलं, काहींना नुसतं खोटं औषध. टीएचसी घेतलेल्यांपैकी निम्म्यांना लोक आपल्या वाईटावर आहेत असं वाटलं. खोटं औषध घेतलेल्यांतही 30 टक्क्यांना तसंच वाटलं. टीएचसीने आवाज, रंग, वेळ विचित्र भासायला लागतात आणि स्वतःबद्दल वाईट वाटून मन खट्टू होतं. या दोन्हींतून संशय उभा राहतो, असं त्यांना दिसलं. तो ऐकून गप्प झाला. मग म्हणाला, "पपांना ठाऊक नाही मी ओढतो ते." त्या रात्री पोलिसांचा चेहरा कुणाचा होता, हे मला विचारावं लागलं नाही. अर्थात पोलिसांची भीती निव्वळ भासही नव्हती. 1985च्या एनडीपीएस कायद्याने गांजा बाळगणं आणि ओढणं दोन्ही गुन्हा आहे, आणि लपून केलेल्या नशेत संशयाला खाद्य आयतंच मिळतं.

आता मला ज्याची जास्त काळजी वाटली ते. घरात कोणाला मानसिक आजार होता का, असं विचारलं तर आई "नाही" म्हणाली. पुढच्या भेटीत ती एकटी आली. तिचा भाऊ तरुणपणी भिंतीशी बोलायचा, शेजारी विष घालतात म्हणायचा; त्याला देवचार लागला असंच घरात सांगितलं गेलं होतं. हे कळल्यावर मी दोघांना बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. रक्ताच्या नात्यात असा आजार असेल तर गांजा त्याला निमित्त ठरण्याची शक्यता वाढते, आणि कोवळ्या वयात सुरू केलं तर आणखी. सुदैवाने त्याची भीती नशा उतरल्यावर हळूहळू कमी होत गेली होती, आवाज ऐकू येत नव्हते. पण कोणाचाही संशय कित्येक दिवस तसाच राहिला, झोप उडाली, कोणी नसताना आवाज आले, तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 क्रमांक रात्रीही लागतो.

आणि समोरच कोणाला असं चढलं तर? त्याला एकटं सोडू नका, गाडी चालवू देऊ नका, वरून दारू तर नकोच. शांत खोलीत बसवा, पाणी द्या, "हे गांजामुळे आहे, काही तासांत उतरेल" एवढंच पुन्हापुन्हा सांगा. चेष्टा करणाऱ्याला बाहेर काढा. छातीत दुखलं, शुद्ध हरपली तर 108 ला फोन.

शेवटच्या भेटीत त्याने चाचरत विचारलं, "मॅडम, शिमग्याला भांग तरी चालेल ना? ती कायद्यात बसते म्हणतात." पानांची भांग त्या कायद्यातल्या व्याख्येत येत नाही, हे खरं. पण तिच्यातही टीएचसीच असतं, आणि ती पोटातूनच जाते, ब्राउनीसारखी, उशिरा आणि लांबपर्यंत. मामाचं कळल्यानंतर माझं उत्तर नाहीच होतं, आणि तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याला ते फारसं आवडलं नाही.