झोप आणि धावते मन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दिवसभर मी दमलेली असते. रात्री सोफ्यावर बसल्या बसल्या पेंग येते. परंतु अंथरुणावर पडून दिवा मालवला की मन टक्क जागे होते. उद्याची कामे, कुणाला काय बोलले गेले, कोणाला उत्तर द्यायचे राहिले, असे एकातून एक निघत जाते आणि एक वाजला तरी डोळ्याला डोळा लागत नाही. विचार थांबवायचा जितका प्रयत्न करावा तितके ते वाढतात. काय करावे?

उत्तर: सोफ्यावर पेंग येते, हे आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. झोप कशी ठरते याचे जे प्रारूप अलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये मांडले, त्यानुसार तिच्यामागे दोन प्रक्रिया असतात. जागेपणाच्या प्रत्येक तासागणिक साठत जाणारी झोपेची ओढ ही एक, आणि दिवस-रात्रीच्या लयीने चालणारे शरीराचे घड्याळ ही दुसरी. या दोन्ही आपल्याकडे शाबूत दिसतात, नाही तर बसल्या जागी डोळे मिटले नसते. बिघडले आहे ते अंथरुणाशी असलेले नाते. रात्रीमागून रात्र तिथे पडून विचारच केल्यामुळे, उशीला डोके टेकणे हीच मेंदूला विचार सुरू करण्याची खूण होऊन बसली आहे.

ही खूण मोडण्याची रीत रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये सांगितली आणि निद्रानाशाच्या उपचारात ती आजही पायाभूत मानली जाते. खरोखर पेंग येईपर्यंत अंथरुणावर जाऊ नये. तिथे पडून फोन पाहणे, हिशेब करणे, उद्याचे बेत आखणे हे काहीही करू नये. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही, किंवा मन तापू लागल्याचे जाणवले, तर उठून दुसऱ्या जागी बसावे आणि मंद प्रकाशात काहीतरी निरुपद्रवी करावे: कपड्यांच्या घड्या घालाव्यात, पूर्वी वाचलेले पुस्तक पुन्हा चाळावे. पापण्या जड झाल्या की परत यावे, आणि पुन्हा जाग राहिली तर पुन्हा उठावे. ही वीस मिनिटे घड्याळात पाहून मोजायची नसतात, मनानेच ठरवायची असतात. किती वाजेपर्यंतही जागे राहिलात, तरी सकाळी उठण्याची वेळ मात्र बदलू नये आणि दिवसा डुलकी काढू नये. सुरुवातीचे काही दिवस हे जाचक वाटते आणि झोप आणखी कमी झाल्यासारखी भासते. बहुतेक जण नेमके त्याच सुमारास हा उपाय सोडून देतात.

आता विचारांकडे वळू. विचार दाबला की वाढतो हा आपला अनुभव प्रयोगातही दिसला आहे. डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये काही जणांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले होते आणि तो आलाच तर घंटा वाजवायला सांगितले होते. घंटा वाजत राहिली. इतकेच नव्हे, तर नंतर विचार करण्याची मोकळीक दिल्यावर, ज्यांना आधीपासूनच मोकळीक होती त्यांच्यापेक्षा या मंडळींच्या मनात अस्वल अधिक वेळा आले. म्हणून ‘आता विचार नको’ असे स्वतःला बजावणे व्यर्थ आहे. विचाराला मनाई करण्यापेक्षा त्याला दुसरी वेळ आणि दुसरी जागा नेमून द्यावी.

त्यासाठी झोपण्याच्या दोन-तीन तास आधी पंधरा-वीस मिनिटे राखून ठेवावीत आणि खुर्चीत बसून, कागद घेऊन, जे जे छळते ते लिहून काढावे. शक्य असेल तिथे पुढे पहिली कृती कोणती, हेही लिहावे. आपल्या पत्रातील बहुतेक चिंता राहून गेलेल्या कामांच्या आहेत, त्यामुळे अमेरिकेतील बेलर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झालेला एक लहानसा अभ्यास आपल्या उपयोगी पडेल. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 57 तरुणांनी झोपण्यापूर्वी पाच मिनिटे लेखन केले. काहींनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, तर काहींनी झालेल्या कामांची. करायच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितका लाभ अधिक होता. ‘बँकेचे काम’ असे मोघम लिहिण्याऐवजी ‘सकाळी अकरा वाजता अर्ज भरून देणे’ असे लिहावे. नऊ मिनिटे म्हणजे काही चमत्कार नव्हे, हे मान्य. परंतु झोपेची गोळी घेऊन वाचणारा वेळही अनेकदा याच्या फार पुढे जात नाही.

इतके करूनही अंथरुणावर मन धावलेच, तर त्याला चघळायला एखादे चित्र द्यावे. नुसते आकडे मोजण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण ते काम इतके सोपे आहे की मोजता मोजता चिंता करायलाही भरपूर जागा उरते. ॲलिसन हार्वे आणि सुझॅना पेन यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निद्रानाश असलेल्या ज्या व्यक्तींनी एखादे प्रसन्न, गुंतवून ठेवणारे दृश्य बारकाव्यांसह डोळ्यांसमोर आणले, त्यांनी इतरांपेक्षा लवकर झोप लागल्याचे सांगितले. ज्यांना सलग दृश्य धरून ठेवता येत नाही त्यांच्यासाठी कॅनडातील संशोधक लुक बोडोइन यांची युक्ती सोयीची आहे. ‘कमळ’ असा एखादा साधा शब्द घ्यावा. ‘क’वरून कंदील, काठी, कासव असे शब्द आठवावेत आणि प्रत्येक वस्तू काही क्षण डोळ्यांसमोर आणून सोडून द्यावी, सुचेनासे झाले की ‘म’वर जावे. कंदिलाचा कासवाशी काही संबंध नसतो, आणि नेमका तो नसणेच येथे उपयोगाचे ठरते, कारण संबंध जुळला की गोष्ट तयार होते आणि गोष्टीतून पुन्हा चिंता डोके वर काढते. ‘ळ’पर्यंत पोहोचण्याची वेळ बहुधा येत नाही, आलीच तर दुसरा शब्द घ्यावा, कारण ‘ळ’वरून मराठीत काही सुरूच होत नाही.

प्रश्न: मी श्वासाचे प्रकार, संथ संगीत, ध्यान, मनगटावरचे झोप मोजणारे यंत्र, सारे करून पाहिले. आता संध्याकाळ झाली की ‘आज झोप लागेल का’ याचीच धास्ती वाटते.

उत्तर: आपली मुख्य चिंता आता झोप हीच झाली आहे. झोप ही प्रयत्नाने घडवून आणण्याची गोष्ट नाही. प्रयत्न म्हणजे सावधपणा, आणि सावधपणा झोपेच्या नेमका उलट असतो. व्हिक्टर फ्रँकल यांनी याच पेचावर उलटा उपाय सुचवला होता. दिवा मालवून, डोळे उघडे ठेवून, शांतपणे ‘थोडा वेळ जागेच राहू’ असे ठरवावे. फोन हातात घ्यायचा नाही, काही करायचे नाही, फक्त झोपण्याची खटपट सोडून द्यायची. हास्यास्पद वाटते खरे. पण न झोपण्यात अपयश आले तर त्याची भीती कुणाला वाटणार?

मनगटावरचे यंत्र काही आठवडे काढून ठेवावे आणि घड्याळाचे तोंड भिंतीकडे फिरवावे. रात्री दोन वाजले हे कळल्याने कुणालाही झोप लागलेली नाही. श्वासाचे प्रकार निरुपयोगी नाहीत; श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा लांबवला की नाडी मंदावते. तसेच एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केलेली, एकेक स्नायू आवळून सैल सोडण्याची पद्धतही चांगली आहे. मात्र या गोष्टी परीक्षेसारख्या केल्या की बिघडतात. त्यांतील एकच निवडावी, दिवसा तिचा सराव करावा, आणि रात्री तिच्याकडून झोपेची नव्हे तर केवळ विश्रांतीची अपेक्षा ठेवावी.

प्रश्न: झोप कमी होते म्हणून मी नऊलाच अंथरुणावर जातो आणि सातपर्यंत पडून राहतो. एकूण सहा तासही झोप होत नाही. आणखी लवकर जावे का?

उत्तर: नाही, उशिरा जावे. दहा तासांच्या पडण्यात सहा तासांची झोप पातळ होऊन पसरते आणि उरलेले चार तास विचारांच्या वाट्याला जातात. आर्थर स्पीलमन यांनी 1987 मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार, दोन आठवड्यांच्या नोंदींवरून सरासरी झोप काढावी आणि अंथरुणावरचा वेळ जवळजवळ तेवढाच ठेवावा. सात वाजता उठायचे असेल तर आपण एक वाजता झोपायला जावे. अंथरुणावरच्या वेळातील सुमारे 85 टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की दर आठवड्याला पंधरा मिनिटे वाढवावीत. हा वेळ पाच तासांच्या खाली आणू नये. अपस्मार (फिट येण्याचा आजार) किंवा द्विध्रुवी विकार (बायपोलर) असणाऱ्यांनी हा प्रयोग डॉक्टरांच्या देखरेखीविना करू नये आणि सुरुवातीच्या दिवसांत वाहन चालवताना जपावे, कारण पहिल्या आठवड्यात दिवसा गुंगी येते.

प्रश्न: झोपेसाठी थोडे मद्य किंवा गोळी घेतली तर काय बिघडले? आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे?

उत्तर: मद्याने डोळा लवकर लागतो, परंतु ते शरीरातून ओसरू लागले की उत्तररात्री वारंवार जाग येते, उसनी घेतलेली झोप पहाटे परत द्यावी लागते. गोळी अल्पकाळासाठी डॉक्टर देऊ शकतात, ती स्वतःहून सुरू करू नये आणि चालू असेल तर स्वतःहून एकदम बंदही करू नये. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने 2016 मध्ये दीर्घकालीन निद्रानाशासाठी गोळीच्या आधी वर्तन आणि विचारपद्धतीवर आधारित उपचार सुचवले आहेत, आणि वरच्या उत्तरांतील बराचसा भाग त्याच उपचारांतील आहे. कॉफीबाबतही एक सांगावे लागेल: तिच्यातील कॅफीन निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारनंतर ती टाळलेली बरी.

आठवड्यातून किमान तीन रात्री, आणि तीन महिन्यांहून अधिक काळ हा त्रास होत असेल तर डॉक्टरांना भेटावे. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे किंवा रात्री पायांना स्वस्थता नसणे यांपैकी काही असेल, तर तीन महिने थांबू नये. सतत उदास वाटत असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याच दिवशी कुणाशी तरी बोलावे. डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद सोबत न्यावी: अंथरुणावर केव्हा गेलात, अंदाजे केव्हा झोप लागली, किती वेळा जाग आली, केव्हा उठलात आणि कोणती औषधे घेतलीत. ही नोंद सकाळी उठल्यावर आठवून लिहायची असते. रात्री उठून लिहीत बसलात तर तीच जागरणाचे आणखी एक कारण होईल.