रेकॉर्ड ऑफिसच्या पोस्टिंग सेक्शनशी चांगले संबंध कसे ठेवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सैन्याच्या एका कोअरमध्ये (इन्फन्ट्री नव्हे, सिग्नल्स-इंजिनिअर्ससारख्या शाखेत) हवालदार, सध्या फील्डमध्ये, टेन्युअरचे (तिथल्या ठरलेल्या मुदतीचे) सात-आठ महिने उरलेत. घर ऐरोलीला, मिसेस ठाण्यात शाळेत शिकवतात, मुलगी पुढच्या वर्षी दहावीला. पुढची पोस्टिंग घराजवळ हवी, म्हणून रेकॉर्डमधल्या (जवानांचे कागद आणि बदल्या सांभाळणाऱ्या ऑफिसातल्या) 'पोस्टिंगवाल्या साहेबांशी' ओळख कशी वाढवायची. आणि बरोबरचा एक जण म्हणतो, सेटिंग असल्याशिवाय काही होत नाही.

मी त्या टेबलाच्या पलीकडे बसलोय. नोकरी सगळी क्लार्क म्हणून, सुभेदार होऊन घरी आलो. त्यातली तीन वर्षं एका रेकॉर्ड ऑफिसच्या पोस्टिंग सेक्शनमध्ये गेली. कुठल्या, ते राहू द्या. आता घणसोलीत राहतो, महापेला एका कंपनीत सिक्युरिटी बघतो. तुमच्यासारखे फोन आमच्या टेबलावर दिवसाला पंधरा-वीस यायचे.

आधी तो माणूस काय बघत असतो ते सांगतो. त्याच्यासमोर युनिटांची यादी असते: अमुक ट्रेडचे हवालदार मंजूर इतके, प्रत्यक्षात हजर इतके. कुणी पेन्शनला निघालाय, कुणाला प्रमोशन मिळालंय, कुणाचा टेन्युअर भरलाय. या भोकांना ठिगळं लावणं हे त्याचं काम. तुम्ही त्या यादीत एक ओळ असता. नंबर, रँक, नाव, ट्रेड, मेडिकल कॅटेगरी, सध्याच्या युनिटला आल्याची तारीख, आधी फील्ड किती आणि पीस (शांत ठिकाणची नोकरी) किती, आणि सगळ्यात शेवटी रिमार्कचा रकाना. तो प्रपोजल बनवतो, सही रेकॉर्ड ऑफिसर करतात. तुमचे त्याच्याशी संबंध कितीही गोड असोत, ते त्या रिमार्कच्या रकान्यात लिहिता आले पाहिजेत. साहेबांनी विचारलं, 'ह्यालाच पुण्याला का?' तर त्याला बोट ठेवून दाखवता यायला हवं. 'साहेब, ओळखीचा आहे, चांगला मुलगा आहे' हे काही तिथे लिहिता येत नाही.

माझ्या वेळेस साताऱ्याकडच्या एका पठ्ठ्याने कंदी पेढ्यांचा किलोचा बॉक्स पाठवला होता. बॉक्स सेक्शनमध्ये पोचला, सुपरिटेंडंट साहेबांनी तो सगळ्यांसमोर उघडला, पाठवणाऱ्याचं नाव मोठ्याने वाचलं आणि 'ह्याची केस कुणाकडे आहे?' असं विचारलं. केस माझ्याकडे होती. त्यानंतर दोन महिने त्या फाईलला हात लावताना मी दहा वेळा विचार केला, कारण न्याय्य ते केलं असतं तरी पेढ्यांमुळेच केलं असं झालं असतं.

आता तुमच्या मुलीचं बोलू, कारण गाडी इथेच अडकते.

एक हवालदार होता, मुलगा बारावीला. मला अकरा वेळा फोन केले त्याने. अर्ज आला तो नीट होता, शाळेचं बोनाफाईड जोडलेलं, सीओ साहेबांची (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरची) शिफारस पण. अकराव्या फोननंतर मी त्याची शीट रोल (जवानाची आणि त्याच्या कुटुंबाची सरकारी नोंद) मागवली. फॅमिलीच्या पानावर बायको आणि एक मुलगी. मुलगा नाहीच! झालं होतं असं की पोरगं जन्मलं तेव्हा हा वर बर्फात, बायको माहेरी. सुट्टीला आला तेव्हा जन्मदाखला काढला, युनिटच्या क्लार्कला दिला असं त्याला आठवत होतं. पार्ट टू ऑर्डर (लग्न, मूल अशा गोष्टी रेकॉर्डला चढवणारा युनिटचा आदेश) काही निघाली नव्हती. दरवर्षी डॉक्युमेंटेशनला आपण शीट रोलवर सही करतो ना, त्याने सतरा वर्षं डोळे मिटून सही केली. घरी मुलगा सहा फुटी, आणि सरकारदरबारी जन्मलाच नव्हता. उशिराची पार्ट टू करायची म्हणजे ॲफिडेव्हिट, दाखल्यावरचं नाव आणि बायकोचं लग्नाआधीचं नाव यांचा मेळ, सगळं मिळून चार महिने गेले. तोवर त्याची ईशान्येकडची ऑर्डर निघून गेली. फोनवर त्याने मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण खरं सांगतो, चूक माझीही होती. पहिल्याच फोनला मी कागद उघडून बघितला असता तर ते चार महिने वाचले असते. मी फक्त 'बघतो, बघतो' म्हणत राहिलो.

म्हणून पहिलं काम: ओळख वाढवायच्या आधी युनिटच्या हेड क्लार्ककडे जा आणि तुमची शीट रोल स्वतः वाचा. मुलीचं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे त्याच स्पेलिंगने आहे का, जन्मतारीख तीच आहे का, लग्नाची पार्ट टू आहे का, मिसेसच्या नावात माहेरचं-सासरचं घोळ आहे का, घरचा पत्ता ऐरोलीचा आहे की अजून गावचाच. शेवटचं हे आपल्याकडच्या पोरांचं हमखास असतं. नवी मुंबईत दहा वर्षं घर घेऊन राहतात आणि रेकॉर्डला होम ॲड्रेस पाटण तालुका. मग 'घराजवळ' म्हणजे कुठे, हे त्या क्लार्कने कसं समजायचं? सैन्याच्या हमराज ॲपवर पोस्टिंग, प्रमोशन, पगाराची स्लिप दिसते म्हणून समाधान मानू नका, कागद डोळ्यांनी बघा.

दुसरं, वेळ. ऑर्डर निघायच्या आधी बोला. निघालेली ऑर्डर रद्द करायची म्हणजे तुम्ही एकटे थांबत नाही. तुमच्या जागी येणारा थांबतो, त्याच्या जागी जाणारा थांबतो, आणि त्या तिसऱ्याने कदाचित क्वार्टर सोडून सामान ट्रकात भरलेलं असतं. तुमच्याकडे सात-आठ महिने आहेत, ही अगदी योग्य वेळ आहे. अर्ज कंपनीतून, ॲडज्युटंट साहेबांमार्फत, सीओंच्या शिफारशीसह रीतसर जाऊ द्या. अर्ज पोचल्यावरच फोन करा, आणि हातात पत्राचा नंबर व तारीख ठेवा. 'साब, नंबर अमुक, हवालदार अमुक, युनिट अमुक. आमचं पत्र या तारखेचं. मुलगी पुढच्या वर्षी दहावीला आहे, पार्ट टू पक्की आहे. अजून काही कागद कमी असेल तर सांगा, आठवड्यात पाठवतो.' एवढंच. 'साहेब, काहीतरी करा ना' हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय आणि त्यावर मला काय करायचं ते एकदाही समजलेलं नाही. त्याने कागद मागितला आणि तुम्ही खरोखर आठवड्यात पाठवलात, की तुमचं नाव त्याच्या लक्षात राहतं. ओळख म्हणतात ती याहून फार वेगळी नसते.

पसंतीच्या ठिकाणांत फक्त 'मुंबई' लिहू नका. मुंबईत जागा मोजक्या आणि मागणारे अख्ख्या कोकणपट्टीचे. तुमच्या ट्रेडला जिथे जागा असू शकते ती ठिकाणं आधी हेड क्लार्कला विचारा. देवळाली लिहा, पुणे-खडकी लिहा, अहिल्यानगर लिहा. देवळालीहून शनिवारी निघून पंचवटी एक्स्प्रेसने कल्याणला उतरलात तर दुपारच्या आत घरी. एनसीसीच्या पीआय स्टाफची (कॅडेटांना शिकवणाऱ्यांची) जागा मिळाली तर उत्तमच, पण त्या ईआरईला (आपल्या युनिटबाहेरच्या नेमणुकीला) रेकॉर्ड स्वच्छ लागतं आणि रांग मोठी असते. तीन पर्याय लिहिणारा माणूस क्लार्कला आवडतो, कारण त्याचं कोडं सुटायची शक्यता वाढते.

आमदार-खासदारांचं पत्र आणू नका. आपल्या सातारा-सांगलीकडे हे फार. बाहेरून दबाव आणणं नियमात बसत नाही. ते पत्र फाईलला लागतं आणि तुमच्या सीओंकडे खुलाशाला जातं. म्हणजे रिमार्कच्या रकान्यात लिहिण्यासारखं काहीतरी मिळतं खरं, पण नको ते. आई-वडिलांच्या आजारपणासारखं खरं कारण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून पडताळणी करून घ्या, ठाण्यात आहे. त्या कागदाला वजन असतं. आणि पैसे घेऊन पोस्टिंग करून देणारे जे भेटतात ना, कळंबोलीतल्या एका जवानाच्या बायकोकडून अशाने चाळीस हजार घेतले होते. पोस्टिंग झाली ती टेन्युअर भरला म्हणून, हा मात्र म्हणाला मी केली.

कोर्टाचं तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी सांगणारच म्हणून लिहितो. सैनिकांच्या नोकरीचे वाद ऐकणाऱ्या आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या २००७ च्या कायद्यात बदल्या आणि पोस्टिंग 'सेवाविषयक बाबीं'तून वगळलेल्या आहेत, सुट्टीसुद्धा. म्हणजे तिथे हे चालत नाही. हायकोर्टात रिट करता येते, पण सैन्याच्या बदल्यांत कोर्टं सहसा हात घालत नाहीत. खरोखर अन्याय वाटला तर आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २६ खाली आपल्या सीओंकडे तक्रार करायचा रस्ता आहे.

हे सगळं कोअरवाल्यांसाठी. इन्फन्ट्रीत पलटणच फिरते आणि तुम्ही तिच्याबरोबर. तिथे आरआर (राष्ट्रीय रायफल्स) किंवा ईआरईला कुणाचं नाव जायचं ते युनिटातच ठरतं, तेव्हा आधी सुभेदार मेजर साहेबांशी बोला. अधिकाऱ्यांचं एमएस ब्रांचमधून चालतं, त्यातलं मला विचारू नका.

एक गोष्ट सांगायला जड जातेय, पण सांगतो. यंदा मिळणार नाही, असंही होऊ शकतं. जागाच नसेल तर नसते. अशा वेळी वैद्यकीय कारणं उकरून काढणं, सिक रिपोर्टला जाणं, ऑर्डर आल्यावर लांबवत राहणं, हे करणाऱ्यांची नावं सेक्शनमध्ये पाठ असतात. याउलट एक ईएमईवाला (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचा) नाईक आठवतो. रिलीव्हर (त्याच्या जागी येणारा) आजारी पडला म्हणून त्याला वर अजून पाच महिने ठेवावं लागलं. त्याने फोन करून फक्त विचारलं, 'साब, पाच महिन्यांनी माझा नंबर नक्की ना? तसं लिहून ठेवाल का?' मी रिमार्कमध्ये तारखेसकट लिहिलं. माझी बदली झाली तरी ती ओळ तिथेच होती, आणि पुढच्या माणसाने तिच्यावरूनच त्याला खडकीला काढलं.

तुम्हालाही 'नाही' आलं तर हेच विचारा, तारखेसकट. पण त्याआधी सोमवारी हेड क्लार्ककडे. मुलीचं स्पेलिंग बघा.