अ‍ॅनिमेमध्ये (जपानी अ‍ॅनिमेशनमध्ये) ज्या कॅरेक्टरला त्सुंदेरे म्हणतात, ते म्हणजे नक्की काय? सारखी चिडणारी प्रत्येक मुलगी त्सुंदेरे असते का?

नाही हो, वरून फटकळ आणि आतून माया, आणि ती माया कधीतरी दिसायलाच हवी, नाहीतर ते कॅरेक्टर नुसतं रागीट. खरा वाद वेगळाय, आधी हळूहळू विरघळणाऱ्या कॅरेक्टरला त्सुंदेरे म्हणायचे, नंतर एकाच सीनमध्ये ओरडून लगेच लाजणाऱ्यांनाही तेच लेबल लागलं. मला पहिलाच अर्थ पटतो. २००८ च्या तोराडोरा अ‍ॅनिमेमधली ताइगा बघा, सगळ्यांवर डाफरते पण तिचा वर्गमित्र र्‍यूजी रोज जेवू घालतो, घर आवरतो, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसत जातो आणि ते बघताना खरंच भारी वाटतं. इव्हँजेलियन या दुसऱ्या अ‍ॅनिमेमधल्या आसुकालाही लोक सर्रास त्सुंदेरे म्हणतात, ते मात्र अजिबात पटत नाही, तिचा राग आईमुळे मनाला झालेल्या जखमेतून आलाय, प्रेमातल्या लाजण्यातून नाही.