रंगीत खगोल-कॅमेरा निवडताना

प्रश्न : माझ्याकडे ८० मिमी व्यासाची, ४८० मिमी नाभीय अंतराची अपवर्ती दुर्बीण आणि ताऱ्यांचा मागोवा घेणारे माउंट आहे. डीएसएलआरने टिपलेल्या तेजोमेघांची लाली फिकट येते आणि उकाड्याच्या रात्री चित्रभर रंगीत ठिपके दिसतात. आता खास खगोलछायाचित्रणाचा कलर कॅमेरा घ्यायचा आहे. तो जास्तीत जास्त मेगापिक्सेलचा असावा का?

उत्तर : मेगापिक्सेलचा आकडा तूर्त बाजूला ठेवावा, कारण आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ त्यात नाही. तेजोमेघांची लाली मुख्यतः हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशामुळे दिसते आणि साध्या कॅमेऱ्यातील फिल्टर अवरक्त किरणांबरोबर त्या प्रकाशाचाही बराचसा भाग अडवतो. खगोल-कॅमेऱ्यात हा अडसर नसतो. ठिपके मात्र उष्णतेचे आहेत. सेन्सरचे तापमान साधारण ६ ते ७ अंशांनी वाढले की त्यातील डार्क करंट, म्हणजे प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे निर्माण होणारा विद्युतप्रवाह, दुप्पट होतो. म्हणजे सेन्सर ३० अंशांनी थंड केला, तर हा प्रवाह सुमारे विसाव्या ते तिसाव्या हिश्श्यावर येतो. त्याहूनही मोलाची गोष्ट अशी की, तापमान ठरवून स्थिर ठेवता येत असल्यामुळे एकदा घेतलेल्या डार्क फ्रेम (झाकण लावून टिपलेली, हे ठिपके वजा करण्यासाठीची चित्रे) अनेक महिने वापरता येतात. म्हणून पैसे मर्यादित असतील तर सेन्सर लहान घ्यावा, पण शीतकरण सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिक्सेल दुर्बिणीशी जुळतो का, हे पाहण्यासाठी त्याचा मायक्रॉनमधील आकार २०६ ने गुणून मिलिमीटरमधील नाभीय अंतराने भागावा; एका पिक्सेलवर किती आकाश येते, ते आर्कसेकंदांत (अंशाचा ३६००वा भाग) मिळते. ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलला आपल्या दुर्बिणीवर सुमारे १.६ आर्कसेकंद येतात. वातावरणामुळे ताऱ्याचे बिंब बहुधा २ ते ४ आर्कसेकंद पसरते, हे लक्षात घेता ही जुळणी उत्तम आहे.

सोनीच्या आयएमएक्स५३३ आणि आयएमएक्स५७१ या दोन्ही सेन्सरांचा पिक्सेल एवढाच आहे; फरक क्षेत्राचा आहे. पहिला ११.३ मिमीचा चौरस असून आपल्या दुर्बिणीतून सुमारे १.३५ अंश आकाश दाखवतो. मृग नक्षत्रातील तेजोमेघ त्यात छान बसेल, परंतु सुमारे ३ अंश लांबीची देवयानी दीर्घिका बसणार नाही. दुसरा २.८ × १.९ अंश क्षेत्र देतो, तरीही देवयानीची टोके जेमतेमच मावतील. शिवाय त्याची प्रत्येक फ्रेम सुमारे ५२ मेगाबाइटची असते, म्हणजे संगणकही तसाच दमदार हवा. आपला कल तेजोमेघांकडे आहे, तेव्हा शीतकरण असलेला आयएमएक्स५३३ घ्यावा.

मोठा सेन्सर घेतलाच, तर कडेचे तारे लांबट दिसू नयेत म्हणून फील्ड फ्लॅटनर, म्हणजे दुर्बिणीची वक्र प्रतिमा सपाट करणारे भिंग, लागेल. फ्लॅटनरपासून सेन्सरपर्यंतचे अंतर, जे बहुधा ५५ मिमी असते, काटेकोर राखावे. मध्ये फिल्टर बसवल्यास त्याच्या जाडीच्या साधारण एक-तृतीयांश इतके अंतर त्यात वाढवावे.