मेडिकलवर गोळ्या तर तयार पाकिटातच असतात, मग द्यायला एवढा वेळ का लागतो?

मी लातूरला मेडिकलवर काम करतो, रोज कुणी ना कुणी हेच विचारतं. रॅकमधून काढायला एकच मिनिट लागतं हो, वेळ जातो तो चिठ्ठी वाचण्यात. हायड्रॉक्सिझिन खाजेची आणि हायड्रॅलाझिन बीपीची, अक्षर घाईतलं असलं की दोन्ही सारखंच दिसतं, मग आम्ही विचारतो की तुम्हाला त्रास काय होऊ लालाय, तरी शंका राहिली तर डॉक्टरला फोन, अन् ते ओपीडीत पेशंट बघायलेत म्हणल्यावर थांबावंच लागतं. इथं अंदाजानं गोळी द्यायचीच नसते.

दुसरं म्हणजे शेड्यूल एच-वन, म्हणजे वेगळी नोंद ठेवूनच द्यायच्या औषधांची सरकारी यादी. २०१४ पासून सेफिक्झिम, अल्प्राझोलाम, टीबीची औषधं असल्या गोळ्या दिल्या की डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहावं लागतं, अन् ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं.

बिलावर बॅच नंबर आणि एक्सपायरी पण टाकतो, उद्या एखादी बॅच खराब निघाली तर कुणाला गेली ते सापडतं. पाच गोळ्या सुट्या मागितल्या तर स्ट्रिप कापताना एक्सपायरीची बाजू आधी जाऊ नये हे बघावं लागतं.

गावाकडची एसटी पकडायची असली तर आल्या आल्या सांगा, आणि जुनी चिठ्ठी, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत आणत जा, लई सोपं पडतं.