देवमासे, मतपेटी आणि हेगचं न्यायालय

प्रश्न : देवमाशांच्या शिकारीवरून ऑस्ट्रेलियाने जपानला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, ते निव्वळ मतांसाठी, असं माझे स्नेही म्हणतात. खरं आहे का? आणि शिकार थांबली का?

उत्तर : निम्मं खरं आहे. कोर्टात जाण्याचं आश्वासन केविन रड यांच्या मजूर पक्षाने २००७च्या निवडणुकीत दिलं होतं. दावा दाखल झाला ३१ मे २०१० रोजी! मधल्या काळात, २००८ साली, पुरावे गोळा करायला ‘ओशनिक व्हायकिंग’ हे जहाज दक्षिण महासागरात धाडलं. एक मोठा आणि एक लहान मिंक देवमासा जपानी जहाजावर ओढला जातानाची छायाचित्रं त्याने आणली. लोक खवळले. त्या रेट्याशिवाय सरकार हेगपर्यंत पोचलं असतं असं मला वाटत नाही.

पण कोर्टात गेल्यावर ती छायाचित्रं फारशी कामी आली नाहीत. वर्गात हा निकाल शिकवताना विद्यार्थी क्रौर्याबद्दल विचारत, आणि मी त्यांना आकड्यांकडे वळवत असे. देवमाशांच्या शिकारीबाबतच्या १९४६च्या आंतरराष्ट्रीय करारातलं आठवं कलम संशोधनासाठी देवमासे मारू देतं. जपान त्याच आडोशाला उभा होता. न्यायाधीशांनी विचारलं ते एवढंच : संशोधन कुठे आहे? २००५पासून सुमारे ३,६०० मिंक मारले, आणि तज्ज्ञांनी तपासलेले शोधनिबंध निघाले दोन. तेही अवघ्या नऊ देवमाशांच्या माहितीवर! ३१ मार्च २०१४ रोजी बारा विरुद्ध चार मतांनी जपान हरला.

(ऑस्ट्रेलियाचा हा संताप तसा फार जुना नाही, बरं का. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अल्बनीजवळचं त्यांचं स्वतःचं शेवटचं शिकार केंद्र १९७८पर्यंत चालू होतं.)

थांबली का, तर अंटार्क्टिकाच्या समुद्रात थांबली, पण लगेच नाही. जपानने वर्षाला ३३३ मिंकची नवी योजना आखून २०१५च्या अखेरीस जहाजं पुन्हा तिकडे पाठवली. पुढे ३० जून २०१९ रोजी तो १९४६च्या करारातून आणि त्याखालच्या आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगातूनच बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या सागरी हद्दीत उघड धंदेवाईक शिकार सुरू केली. २०२४मध्ये त्या शिकारीच्या यादीत फिन देवमासाही आला. तुमच्या स्नेह्यांना हेही सांगा : आता कितीही मतं पणाला लागली, तरी ज्या कराराच्या आधारे ऑस्ट्रेलिया जिंकला, त्यात जपानच राहिलेला नाही.